दाऊदमामूंना माफी नको होती

फोन आला तेव्हा आम्ही मस्कतच्या हमरिया भागातल्या घरी जेवायला बसत होतो. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून मी तिथे आईवडिलांकडे आले होते. अम्मीने फोन घेतला, "हां… हां… कधी?" एवढंच बोलली आणि रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा भाऊ, माझे दाऊदमामू, त्या सकाळी रत्नागिरीकडच्या आमच्या गावी वारले होते. फजरची नमाज पढून अंगणात खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "खलास?" मस्कतमध्ये दिवसभर तोंडात असलेला शब्द. दुकानातला दोरा संपला तरी खलास, गिऱ्हाइकाचं काम झालं तरी खलास. अम्मी म्हणाली, "खलास." मग कुणी जेवलं नाही. मिळेल त्या विमानाने निघालो असतो तरी मयतीला पोचलो नसतो. ज्या देशात पुन्हा पाऊल ठेवायची मामूंना कायमची बंदी होती, त्याच देशात मी ते गेले त्या दिवशी होते… मला त्याचा अजून राग येतो. कुणाचा येतो ते नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी मस्कतच्याच दार्सैत भागातून कांबळे साहेब आले. ते विदर्भातले, बांधकाम कंपनीत इंजिनीअर, अब्बांच्या शिलाईच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. अब्बांसमोर बसून ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी त्या तारखेसाठी सूट इस्त्रीला टाकला होता हो. मी येणार होतो." अब्बा म्हणाले, "म्हाईत हाय साहेब." ही कुठली तारीख, ते कुठे येणार होते आणि का आले नाहीत, हेच मला सांगायचं आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि शाळा इंग्रजी असल्यामुळे मराठी मला अजूनही जपून लिहावी लागते. काही ठिकाणी अडखळेन. पण मामूंची एक सवय मी इथे पाळणार आहे. कुणी काहीही सांगितलं, अगदी बाजारात बांगडा स्वस्त झाला एवढं जरी, तरी ते लगेच विचारायचे, "तू बघितलंस का?" नाही म्हटलं की म्हणायचे, "मग 'आयकलं' म्हण." तेव्हा जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगते, आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

मामू लाकडी गलबतं बांधणारे सुतार होते. आमच्या खाडीवर होड्या बांधत होते, तिथून एका ओळखीच्या माणसाने त्यांना ओमानच्या सूर गावी नेलं. तिथे समुद्राला लागून गलबतांचे कारखाने होते, अजून आहेत. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते डोंगरातल्या लांबच्या रस्त्याने मस्कतला आमच्याकडे यायचे. हे मी पाहिलेलं आहे. दारातूनच ओरडायचे, "दुलाभाय, माझी पँट आखूड केलीस ती लांब कर, नायतर बहीण परत नेतो." अब्बा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "ने ने, येताना फक्त जेवण ठेवून जा." त्यांच्या अंगाला लाकडाचा आणि माशाच्या तेलाचा वास असायचा. अम्मी त्यांना आधी आंघोळीला पाठवायची. तो वास आंघोळीनेही जात नसे. नवीन गलबताच्या फळ्यांना वाळवी आणि खारं पाणी लागू नये म्हणून मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात, फळ्यांच्या फटींत तेलात बुडवलेला कापूस ठोकून बसवतात. सूरमध्ये हे सगळेच करतात, कोकणातही करतात. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं त्या तेलावरूनच झालं.

आमच्याकडे जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, घरात लोबान फिरवायची रीत आहे. मामू ती रीत गलबतातही पाळायचे. सांगाडा उभा राहून फळ्या चढल्या की दर गुरुवारी काम थांबल्यावर ते मातीच्या धुपाटण्यात निखारे घेऊन आत उतरायचे, लोबानाचे खडे टाकायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धूर फिरवायचे आणि फातेहा पढायचे. त्या गावात लोबानाला काय तोटा. मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, स्वतः चांगल्यातला लोबान आणून द्यायचा. त्यालाही ते बरकतीचं वाटायचं. तेलाने भिजलेल्या लाकडात निखारे न्यायचे ही चूक होती का… होती, असं आता मला वाटतं. आमच्याच लोकांनी करावी अशी चूक. पण मामू सांगायचे की काम झालं की ते निखाऱ्यांवर पाणी ओतायचे आणि मग उजव्या हाताचा तळवा राखेत दाबून बघायचे. तळव्याला गार लागलं की मगच वर यायचे.

नव्वदच्या दशकात मी लहान शाळेत असताना अशाच एका गुरुवारी रात्री मामू बांधत होते ते गलबत जळलं. त्यावर सालिम नावाचा म्हातारा रखवालदार वाऱ्याला झोपला होता. तो वाचला नाही. सालिम आणि मामू रोज सकाळी एकाच कपातून एकामागून एक काहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघं बोलत बसायचे. पोलिसांनी कारखान्यातल्या सगळ्यांना विचारलं. लोबानाचं कुणालाही सुचलं नव्हतं. मामूंनी आपण होऊन सांगितलं, "मी आत निखारे नेले व्हते. विझवले व्हते. पण एखादा खडा उडून फटीत गेला असंल तर मला ठाऊक नाय." असं सांगणारा माणूस खोटा असेल का, हा प्रश्न मला पडतो. कोर्टाला पडला नाही.

कोर्टाने आगीचा एक तज्ज्ञ नेमला. त्याचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्याने अहवाल दिला की एवढ्याशा धुपाटण्याने असं गलबत पेटत नाही. आग तीन वेगवेगळ्या जागी एकदम लागली, आणि त्या तिन्ही जागी तेल ओतलं होतं. आपण स्वतः सूरला जाऊन जळलेलं गलबत जागेवर तपासलं, असं त्याने कोर्टात शपथेवर सांगितलं. मामूंचं थोड्या दिवसांपूर्वी गावी जायच्या रजेवरून अर्बाबशी भांडण झालेलं होतं. झालं… राग होता, तेल होतं, आत गेल्याचं तर स्वतःच कबूल केलेलं. अहवालात लोबान हेच कारण धरलं असतं तर निष्काळजीपणा ठरला असता आणि शिक्षा लहान झाली असती. "ओतलं" म्हटल्यामुळे माणूस मारल्याचा गुन्हा ठरला. वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. लांबची शिक्षा झाली.

आणि तो तज्ज्ञ सूरला आलाच नव्हता. निदान गलबत जागेवर असताना नाही. आग विझल्यावर थोड्याच दिवसांत अर्बाबने जळकं लाकूड ओढून किनाऱ्यावर टाकलं होतं आणि त्या जागी नवीन गलबताचा कणा मांडला होता. तज्ज्ञाची नेमणूक त्याच्यानंतर झाली. हे मी पाहिलेलं नाही. पण मामूंनी सांगितलं, आणि पुढे अब्बा सूरला गेले तेव्हा कारखान्यातल्या लोकांनीही सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं. एकजण तर अब्बांना म्हणाला, "भाई, कोण आला होता? त्याच्याकडे नुसते फोटो गेले होते." कोर्टात येशील का विचारल्यावर त्याने हातातली किकरी, म्हणजे पटाशी, दाखवली आणि कामाला लागला. त्याचा व्हिसा अर्बाबकडे होता. अब्बांनी त्याला पुन्हा विचारलं नाही.

अब्बांच्या दुकानात एक सुदानी वकील कपडे शिवून घ्यायला यायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी सांगितलं की गुन्ह्याचा खटला संपला असला तरी एक वाट आहे. कैद्याला त्या तज्ज्ञावर वेगळा दिवाणी दावा लावता येईल. खोटा अहवाल देऊन माझं नुकसान केलं, असा. अहवाल खोटा आहे असं त्या कोर्टाने म्हटलं, तर त्या जोरावर जुनी शिक्षा पुन्हा उघडता येईल. उस्ताद तुरुंगात जाऊन मामूंना भेटले. नुकसानभरपाई किती मागू, असं विचारल्यावर मामू म्हणाले, तुम्हाला पाहिजे ते लिहा. मला फक्त त्याला समोर उभं करून एवढंच विचारायचं आहे, की तू सूरला आला होतास का. आणि "ओतलं" हा शब्द माझ्या नावापुढून काढायचा आहे. चूक केली म्हणा, मी मान खाली घालीन. ओतलं म्हणू नका.

तुरुंगात मी अम्मीबरोबर गेले आहे, म्हणजे हे पाहिलेलं. जाळीच्या पलीकडे मामू बारीक झाले होते, पण दाढी नीट कातरलेली होती. मला बघून म्हणाले, "काय गो, शाळेत पहिला नंबर काढतेस की तिथं पण खोटा अहवाल देतेस?" मी हसले. अम्मी हसली नाही. तिने पदर तोंडाला लावून सांगायला सुरुवात केली, की गावाहून मुमानीचे निरोपावर निरोप येतात. मुमानी म्हणजे मामूंची बायको. मूलबाळ नाही, घरात एकटी. लोक म्हणतात की ईदला नाहीतर राष्ट्रीय दिवसाला कैद्यांना माफी मिळते. अर्ज केला की नाव यादीत येतं, सोडतात आणि मायदेशी पाठवून देतात. "भावा, अर्ज कर. दाव्यात काय ठेवलंय? सुटशील, घरी जाशील." मामू म्हणाले, "माफी कशाची मागू? सालिमची मागतो, रोज पाच वेळा मागतो. ह्यांच्याकडं कशाची मागू?" अम्मी म्हणाली, "बायकोकडं तरी बघ." मामूंनी जाळीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "माफी घेतली का दावा गेला. मी कबूल केल्यासारखं व्हतं. तिला सांग, थोडी कळ काढ." तुरुंगातल्या सुतारकामात ते तेव्हा कुराण ठेवायचे लाकडी रिहाल बनवत होते. तिथल्या साहेबांना विकायला छोटी गलबतं हवी होती. ती त्यांनी बनवली नाहीत.

दाव्यासाठी तेलाची गोष्ट सांगणारा कुणीतरी जाणकार हवा होता. अब्बांनी कांबळे साहेबांना विचारलं. ते पहिल्यांदा नाही म्हणाले. "मी काँक्रीटचा माणूस आहे. लाकडाबद्दल कोर्टात बोललो तर तो तज्ज्ञ मला दोन मिनिटांत उघडा पाडेल. आणि कंपनीला कळलं तर…" ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि अब्बांनी पुरं करायला लावलं नाही. पण त्यानंतरच्या शुक्रवारी ते स्वतःच अब्बांना घेऊन सूरला गेले आणि तेल पाजलेल्या जुन्या फळीचा एक तुकडा घेऊन आले. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, भर दुपारी, त्यांनी तो तुकडा विटांवर ठेवला आणि एका टोकाला एकच निखारा लावला. मी तिथे होते. अम्मी, अब्बा, मी, आणि कांबळे साहेब रुमाल नाकाला लावून. काय घाण वास सुटला… खालच्या मजल्यावरच्या केरळी मावशी वर येऊन ओरडल्या, "इतना सडा मछली कौन पकाता है?" अब्बा म्हणाले, "चेची, साब का रेसिपी है." कांबळे साहेबांना हसू आलं, पण डोळे फळीवरून हलले नाहीत. आग निखाऱ्याजवळ धुमसत राहिली, आणि थोड्या वेळाने जिथे फटीतला कापूस तेल पिऊन बसला होता तिथे, निखाऱ्यापासून दूर, दुसऱ्याच जागी पेटली. मग आणखी एका जागी. तीन काळे खड्डे पडले. साहेबांनी खिशातून अहवालातल्या फोटोची झेरॉक्स काढली, फळीशेजारी ठेवली, आणि खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "ओतायची गरजच नाही." मग झेरॉक्सची घडी खिशात घालून म्हणाले, "मी येतो कोर्टात." अब्बांनी त्यांना सांभाळून विचारलं, नोकरीचं काय. ते म्हणाले, "बघू. आता पाहिलंय ना मी."

दाव्याची तारीख लागायला फार वेळ गेला. कधी भाषांतर नाही, कधी समोरच्याचा वकील नाही. शेवटी एकदा तज्ज्ञ स्वतः हजर झाला. ही सुनावणी मी पाहिलेली नाही. अब्बांनी ती मला इतक्या वेळा सांगितली आहे की पाहिल्यासारखी वाटते, पण नाही पाहिलेली. मामूंना बेड्या घालून आणलं होतं. तज्ज्ञ नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस होता. अब्बा म्हणतात, त्याने मामूंकडे बघितलंसुद्धा नाही. तिरस्काराने नव्हे. त्याला ते कोण आहेत हेच आठवत नव्हतं. उस्तादांनी सगळे कागद दाखवून झाल्यावर न्यायाधीशांनी स्वतः त्याला विचारलं, "तुम्ही सूरला कोणत्या तारखेला गेलात, आणि तेव्हा गलबत कुठे होतं?" तज्ज्ञाने पुढ्यातली पानं चाळली. पुन्हा चाळली. म्हणाला, नोंद ऑफिसात आहे, पुढच्या वेळी आणतो. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि ईदनंतरची तारीख दिली. त्याच तारखेला कांबळे साहेबही बोलणार होते. बाहेर नेताना मामू बेड्यांसकट अब्बांकडे वळून म्हणाले, "दुलाभाय, विचारलं त्यानं. बघितलंस ना?" अब्बा येताना हलवा घेऊन आले. आमच्या घरात त्या दिवशी ईद आधीच आली होती.

खरी ईद आली, आणि माफीच्या यादीत मामूंचं नाव आलं.

पुढचं मला मामूंनीच सांगितलं. ते अधिकाऱ्याला म्हणाले, माझं नाव काढा, माझी तारीख आहे. अधिकारी चांगला माणूस होता. त्याला वाटलं, आनंदाने याचं डोकं फिरलंय. तो म्हणाला, "यल्ला, घरी जा. माफी नको म्हणणारा तू पहिलाच." मामू जमिनीवर बसले. तेव्हा त्याने सांगितलं, "अरे, तुझ्या बायकोनेच अर्ज केलाय." गावातल्या लोकांनी तो अर्ज लिहिला होता आणि कुणाकुणाच्या हातून तो तिथवर पोचवला होता. खाली मुमानीचा अंगठा होता. मामूंना दोघांनी दंडाला धरून उचललं. अगदी मायेने उचललं, असं ते सांगायचे. एकाने कपडे झटकले, दुसऱ्याने पाणी दिलं. तिथून सरळ विमानतळ. अब्बा नवीन सदरा शिवून घेऊन गेले होते, तो लांबूनच दाखवता आला.

ईदनंतरच्या त्या तारखेला उस्ताद एकटे कोर्टात गेले; वादीच नाही तर साक्ष कसली, म्हणून कांबळे साहेबांना बोलावलंच नाही. वादी देशात नाही, परत येऊ शकत नाही, आणि त्याला तर माफी मिळाली आहे, मग आता उरलंय काय, असं म्हणून कोर्टाने दावा निकाली काढला. तज्ज्ञाला उत्तर द्यावंच लागलं नाही. त्या दिवशी त्याने ती नोंद आणली होती का, असं मी अब्बांना विचारलं होतं. अब्बा म्हणाले, "कोणी मागितली नाय, तर कोण दाखवंल?"

बारावीनंतर मी कॉलेजसाठी भारतात आले आणि मामूंच्या घरी राहिले. त्यांना मी खरं ओळखलं ते त्या तीन वर्षांत. माझ्यासाठी त्यांनी फणसाच्या लाकडाचं टेबल केलं. दिवाणखान्यात नाही, खिडकीशी ठेवलं. म्हणाले, "हितं बस. बाहेर काय चाललंय ते दिसलं पायजे, नायतर पुस्तकातलं खरं वाटाया लागंल." गावात त्यांना कुणी वाईट बोलत नसे. तेच वाईट होतं. जो तो म्हणायचा, "सुटलात ना, अल्लाने दया केली." होडी बांधायला मात्र कुणी बोलावलं नाही. एका ट्रॉलरवाल्याने बोलावलं आणि आठवड्याने निरोप पाठवला, की खलाशी ऐकत नाहीत, त्यांना भीती वाटते. मामू दारं-खिडक्या करत राहिले. समुद्राकडे जाणारा रस्ता टाळून मशिदीत जायचे.

आणि घरात ती दोघं. मुमानी त्यांच्यासाठी सगळं करायची, ते तिच्यासाठी सगळं आणायचे, पण सरळ बोलणं नव्हतं. सगळं टोमण्यांतून. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "विचार गो, साहेबांना चा पायजे का चाची पण तारीख लावू?" ते म्हणायचे, "चा केलान असं आयकलं. बघितलं नाय." मला आधी ही गंमत वाटायची. मग लक्षात आलं की ते हसत नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरातून लोबानाचा वास यायचा, आमच्या घरातून नाही. मामूंनी मनाई केली होती असं नव्हे. मुमानी धुपाटणं उचलून शेजारच्या घरी जायची, तिथे फातेहा पढून यायची, आणि धुपाटणं तिथेच धुऊन आणायची. मामू तेवढा वेळ अंगणात पाठ करून बसायचे.

एकदा मी धीर करून मुमानीला विचारलं, की तुम्ही अर्ज का केला, त्यांची तारीख लागली होती ना. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्येंना त्येंचं नाव पायजे व्हतं. मला माणूस पायजे व्हता. मी माणूस मागितला." तांदळातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "आला कुठं पण."  कुठल्या बाजूने बोलायचं, तेच मला कळेना. अजून कळत नाही. मामूंनाही मी विचारलं होतं, मुमानीला माफ का करत नाही. ते रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, "माफी देणारा मी कोण? मला मिळालीय तीच पुरवून वापरतोय."

पण शेवटच्या पावसाळ्यात, ताप येऊन गेल्यावर, एकदा ते मला वेगळंच बोलले. "पोरी, तळव्याला गार लागलं व्हतं. शप्पथ. पण खाली, फटीत, तिथं माझा हात गेला नव्हता. म्हणून मी कधी म्हटलं नाय की माझ्यामुळं नाय झालं. बघितलं नव्हतं, मग कसं म्हणणार?" मग दाराकडे बघत म्हणाले, "मी निखारा विझवणारा माणूस, न बघितलेलं बोललो नाय. आणि तो शिकलेला… त्यानं फक्त येऊन हात लावायचा व्हता." कॉलेजात गेल्यापासून शिकलेल्या माणसांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे, तो त्या दिवशी थोडा कमी झाला. मी स्वतः आता त्यांच्यातली होणार आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

मी सुट्टी अर्धी टाकून गावी परत आले ते त्यांच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीच्या आधी. तो दिवस गुरुवारी आला. माणसं जेवून गेली, भांडी झाली. संध्याकाळी मुमानीने धुपाटणं काढलं. मला वाटलं, नेहमीसारखी शेजारी जाईल. ती गेली नाही. चुलीतले निखारे घेतले, लोबान टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो धूर आमच्या घरात फिरवला. त्यांची खुर्ची, रंधा, किकऱ्यांची पेटी, माझं टेबल, सगळीकडे. तोंडाने पुटपुटत होती. मग अंगणात बसली, तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. चर्र झालं, वाफ गेली. ती थांबली. आणि मग उजव्या हाताचा तळवा तिने राखेत दाबला, त्या पद्धतीने, जी तिने कधी पाहिली नसणार, फक्त ऐकली असणार. बराच वेळ हात तसाच ठेवला. खाली, तळापर्यंत बोटं घालून चाचपलं.

"गार हाय," ती म्हणाली. मी मान हलवली.

"मान काय हलवतेस? तू लिवणार हायस ना त्येंच्याबद्दल? हात लाव."

मी हात घातला. ओली राख होती, जाडसर, तळाशी मातीचा खरखरीतपणा लागत होता. मी सगळीकडे बोटं फिरवली. गार होती. हे मी पाहिलेलं आहे.